किल्लीआधी सुई

माझ्या आजाराचा वास सगळ्यात आधी आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना आला. फेब्रुवारी २०२४. घाटंजीला मासिक बैठक होती, लसीकरणाचा अहवाल मांडीवर घेऊन मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "काय खाल्लं सकाळी?" म्हटलं, पोहे. "मग तोंडाले कीटोसिसच्या गाईसारखा वास काहून येऊन राह्यला बे?"

मी पशुधन पर्यवेक्षक. गावच्या भाषेत ढोराचा डॉक्टर. घाटंजी तालुक्यात श्रेणी-२ चा दवाखाना आणि त्याखाली अकरा गावं. विऊन दोन-तीन आठवडे झालेली, ढेप सोडून नुसता कडबा चघळणारी, दूध एकदम आटलेली गाय दिसली की आम्ही आधी तिच्या तोंडाजवळ नाक नेतो. जास्त पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आला की कीटोसिसचं अर्धं निदान तिथंच होतं. उरलेलं अर्धं रोथेराच्या परीक्षेत. लघवीत किंवा दुधात पावडर टाकायची, जांभळा रंग आला की कीटोन, म्हणजे चरबी जळताना होणारी द्रव्यं. हे मी शेकड्यानं केलंय. आणि स्वतः रात्रीतून सात-आठ वेळा उठत होतो, सुरईभर पाणी पिऊनही घसा कोरडा, महिना-दीड महिन्यात ६८ चा ५७ किलो झालो होतो, तरी डोक्यात काही पेटलं नाही. तीन आठवड्यांआधी एका डॉक्टरांनी साखर तपासून "चाळिशी आली, टेन्शन कमी करा" म्हणून गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या इमानेइतबारे खात होतो.

बैठक सुटल्यावर दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझ्याच लघवीवर रोथेरा करून पाहिली. इतका गडद जांभळा मी कोणत्याच गाईत पाहिला नव्हता.

त्या रात्री यवतमाळला भरती झालो. साखर ५१२. सलाईन, इन्सुलिनची ड्रिप, दर तासाला बोटाला सुई. पाचव्या दिवशी उठून बसलो. पुढची तपासणी सेवाग्रामला झाली. गॅड अँटीबॉडी, म्हणजे शरीर स्वतःवरच उठल्याची खूण, पॉझिटिव्ह; सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन करतं त्याचं माप, खाली. म्हणजे टाइप वन मधुमेह. शरीरानंच आपल्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारल्या, आता इन्सुलिन बाहेरून, जन्मभर. लहान पोरांचा आजार मोठ्या वयातही होतो आणि सुरुवातीला टाइप टू समजून गोळ्यांवर वेळ जातो, हे तिथं कळलं. सोबत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही लिहिली होती. आपल्या विदर्भात तो खूप, आणि रक्तात तो असला तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा फसवा निघू शकतो. माझी निगेटिव्ह आली.

मला कीटोनचं नवल वाटत होतं. गाईला रक्तात साखर कमी पडते म्हणून ती चरबी जाळते आणि कीटोन होतात. माझ्या रक्तात साखरेचा पूर आला होता, तरी इन्सुलिनवाचून ती पेशींत शिरत नव्हती, म्हणून मीही चरबीच जाळत होतो. वास एक, कारणं उलटी. सेवाग्रामच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले आणि पुढं मला रोगी म्हणून कमी, सहकारी म्हणून जास्त समजावू लागले. त्याचा मला फार फायदा झाला.

गावात मात्र "टाइप वन" सांगणं महागात पडलं. आमच्याकडं टी-वन म्हटलं की एकच आठवते, पांढरकवडा-राळेगावच्या जंगलातली वाघीण, जिला नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घातली. "साहेबाले टी-वन झाला," असं एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि संध्याकाळी एक आजी काळजीनं विचारायला आली, "कुठंसा धरलं गा थ्या वाघिनीनं?"

सुटी मिळताना डॉक्टरांना पहिला प्रश्न जेवणाचा नाही, गाडीचा विचारला. "गाडी कधीपासून चालवू?"

त्यांनी उलट विचारलं, कोणती गाडी, किती, कुठं? मी सांगितलं. मोटरसायकल, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, मागं कृत्रिम रेतनाचा नायट्रोजनचा कॅन नाहीतर लसीची पेटी, डांबरी रस्ता अर्धा, उरलेली पांदण आणि गिट्टी, संध्याकाळी टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूनं येताना रोही आणि डुकरं आडवी. शिवाय भावाची जुनी अल्टो, लग्नकार्याला. ते म्हणाले, "आधी डोळे बसू द्या."

हे मला कोणी सांगितलं नसतं तर मी घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी काढली असती. साखर महिनोनमहिने वर राहिली की डोळ्याच्या भिंगातलं पाणी बदलतं. इन्सुलिननं ती झपकन खाली आली की भिंगाला जुन्या आकारात यायला वेळ लागतो, आणि तोवर नजर धूसर. बहुतेकांना जवळचं जास्त पुसट दिसतं. मला भरती होण्याआधी गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे वाचता यायचे. घरी आल्यावर बिल्ला पिवळा आहे एवढंच दिसायचं. इन्सुलिनच्या पेनवरचे युनिटचे आकडे बायको वाचून द्यायची. दूरचंही काठाकाठानं विरघळल्यासारखं. चष्म्याच्या दुकानात जायचं नाही, अशी ताकीद होती. महिना-दीड महिन्यात नजर आपली आपण बसते आणि घाईनं केलेला चष्मा वाया जातो.

पाच आठवडे गाडी बंद. माझी बायको अंगणवाडी सेविका, तिची स्कुटी आहे. सकाळी ती मला दवाखान्यात सोडायची. मांडीवर नायट्रोजनचा कॅन घेऊन मी मागं बसलेला. पारावरच्या मंडळींना हा रोजचा सिनेमा झाला. "बाई चालवते न डॉक्टर मांगं," वगैरे. तिला त्याचं काही नव्हतं. मला होतं, खोटं कशाला सांगू. चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिला वेग कमी करायला सांगितला तेव्हा तिनं गाडी बाजूला घेऊन विचारलं, "चालवता का तुम्ही?" तेव्हापासून मी गप्प बसायला शिकलो.

नजरेचं माप मी लायसन्सच्या फॉर्मवरून घेतलं. त्यात विचारलेलं असतं की २५ मीटरवरून, चांगल्या उजेडात, गाडीची नंबर प्लेट ओळखता येते का. अंगणात टेप लावून २५ मीटर मोजले आणि तिथं चुन्याची रेघ ओढली. भावाची मोटरसायकल समोर. रोज सकाळी आधी डावा डोळा झाकून, मग उजवा. पहिल्या आठवड्यात एमएच-२९ तेवढं पाठ असल्यामुळं वाचता यायचं. ती चोरी लक्षात आल्यावर मी भावाला म्हटलं, रोज वेगळी गाडी लाव. मग त्याचे मित्र येऊन गाड्या लावू लागले आणि अंगणात परीक्षा केंद्र झालं. मार्चच्या शेवटी दोन्ही डोळ्यांनी सलग चार दिवस चार वेगळ्या प्लेटा बरोबर वाचल्या.

मग नियम. डॉक्टरांनी दिलेले असे: गाडी काढण्याआधी साखर मोजायची. ९० च्या खाली असेल तर काही खाऊन, पुन्हा मोजूनच निघायचं. लांबचा रस्ता असेल तर दर दोन तासांनी थांबून मोजायचं. ७० च्या खाली गेली तर गाडी बाजूला, किल्ली बाहेर, कारमध्ये असलो तर स्टिअरिंगसमोरची सीटच सोडायची. १५ ग्रॅम साखर, म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन चमचे, पाण्यातून. १५ मिनिटांनी परत मोजायची. आणि साखर जागेवर आल्यावरही पाऊण तास गाडीला हात लावायचा नाही, कारण रक्त सावरलं तरी मेंदूला सावरायला वेळ लागतो. हे आकडे ब्रिटनमधल्या नियमांशी जुळतात असं ते म्हणाले. तिथं इन्सुलिन घेणाऱ्यानं परवाना देणाऱ्या खात्याला कळवावंच लागतं आणि परवाना एक, दोन किंवा तीन वर्षांचाच मिळतो. तिकडं साखर मिलिमोलमध्ये मोजतात, म्हणून ते पाच म्हणतात आणि आपण मिलिग्रॅममध्ये ९०.

एप्रिल बरा गेला. इन्सुलिन सांभाळायची तर मला सवयच होती. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंशांत ठेवायची आणि गोठू द्यायची नाही, गोठली की पाणी. इन्सुलिनचंही तेच. म्हणून न वापरलेली पेनं घरी फ्रिजच्या दारात, आणि चालू पेन ओल्या फडक्यात गुंडाळून लसीच्या जुन्या पेटीत, बर्फाच्या पिशवीला न टेकता. रात्री माठाशेजारी. आमच्याकडं एप्रिलातच पारा ४३ दाखवतो. गाडीच्या डिकीत ठेवलेलं पेन दुपारपर्यंत चहा होईल. फजिती झाली ती साखर मोजायच्या मीटरची. पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच चालतं असं लिहिलेलं, आणि उन्हात ते आकड्याऐवजी थर्मामीटरचं चित्र दाखवून मोकळं व्हायचं. मग मीटर शर्टाच्या आत धरून निंबाखाली बसायचं, ते थंड होईपर्यंत. शेतकऱ्याला वाटायचं साहेब छातीला हात लावून बसले, आता हे गेले.

बोटं धुण्याचंही असंच शिकलो. एका मळ्यात संत्री सोलून दिल्यावर मोजली तर २१०. हात धुऊन पुन्हा मोजली तर ८४. सालीचा रस बोटाला होता. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन घेतलं असतं तर हा लेख दुसऱ्या कोणी लिहिला असता.

आता मे महिन्याची ती दुपार.

सकाळी इन्सुलिनचे सहा युनिट घेतले आणि ताटावर बसलो. दोन पोळ्यांचा हिशेब होता. पहिली अर्धी झाली आणि फोन आला, म्हैस अडली आहे. ताट तसंच ठेवून उठलो. चूक इथंच झाली, पुढं जे घडलं ते तिचं फळ. परिचर मामांना मागं बसवून निघालो. निघताना मोजली होती, ११८. सगळं नियमानं, असं मला वाटलं. पोटात मात्र सहा युनिट काम करत होते आणि त्यांच्यासाठी फक्त अर्धी पोळी होती.

रेडकाची मान मागं वळलेली. सव्वा तास खांद्यापर्यंत हात आत. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे, कुस्ती बरी. रेडकू जिवंत निघालं. म्हैस उभी राहिली. घरच्या बाईनं मोठ्या मायेनं चहा आणला आणि म्हणाली, "तुमच्यासाटी बिनसाखरेचा केला, साहेब." साऱ्या गावाला माहीत झालं होतं ना, साहेबाला शुगर आहे. मीही "वा वा" म्हणत तो पिऊन टाकला. आणि परत निघताना मोजली नाही. सकाळी मोजलीच होती, दवाखाना चौदा किलोमीटर, घरी जाऊन जेवायचंच आहे, असा विचार केला. केला म्हणजे, आता वाटतं, तो विचार करणारा मी तेव्हाच पूर्ण जागेवर नव्हतो.

पुस्तकात साखर उतरण्याची लक्षणं लिहिली असतात. घाम, थरथर, धडधड. ४४ अंशांत मोटरसायकलवर घाम कोणाला येत नाही? गिट्टीच्या रस्त्यावर हात कोणाचे थरथरत नाहीत? मला आठवतं ते एवढंच की ओठांना मुंग्या येत होत्या आणि मला सगळ्या जगाचा राग येत होता. पऱ्हाटी भरलेला एक ट्रॅक्टर समोरून आला, त्यानं हॉर्न वाजवला, मी त्याला शिवी दिली. मामा नंतर म्हणाले की मी उजव्या बाजूनं चाललो होतो.

दवाखान्याचा फाटा मागं पडला. मामांनी सांगितलं, "साहेब, फाटा मांगं राह्यला." मी म्हणालो, पुढं आहे. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, तुम्हाला रस्ता माहीत नाही. ते तिथं माझ्या आधीपासून, चोवीस वर्षांपासून नोकरी करतात. वाद घालून उपयोग नाही हे त्यांना कळलं. मग ते म्हणाले, "थांबवा बाप्पा, मले लघवीले लागली." याला नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. गाडी थांबली. मामा उतरले, शांतपणे हात लांबवून किल्ली काढली आणि धोतराच्या केळात खोचली.

आणि आता खरी गंमत. ग्लुकोजचा डबा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. गाडीला बांधलेल्या पेटीत गाईंसाठी २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या दोन बाटल्या होत्या, अर्ध्या लिटरच्या, प्रत्येकीत सव्वाशे ग्रॅम साखर. मी साखरेच्या गोदामावर बसून साखरेवाचून चाललो होतो आणि मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. मामांनी मीटर काढायला लावलं, पट्टी त्यांनीच घातली, आकडा आला ४८. त्यांना माझी पिशवी कुठं काय हे माहीत नव्हतं, पण पेटी त्यांच्या हातची. त्यांनी डेक्स्ट्रोजची बाटली काढली, वरचं टोक ब्लेडनं उडवलं आणि मला म्हणाले, "गिळता येते का? हाव म्हना." मी हो म्हटलं तेव्हाच बाटली तोंडाला लावली. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काही ओतायचं नसतं, ते फुप्फुसात जातं. बसकण मारलेल्या, मान टाकलेल्या गाईला नळीनं पाजू नका, हे आम्ही दर आठवड्याला कोणाला तरी ओरडून सांगतो. मामांनी तेच मला लावलं.

साठ मिली पुरले असते. मी अर्धी बाटली प्यायलो. दुपारी साखर २९० झाली, तो वेगळाच विषय.

निंबाखाली पाऊण तास बसलो. मामांना गाडी येत नाही, म्हणून पर्यायही नव्हता. हळूहळू डोकं वर आलं, जसं विहिरीतून बादली येते. सगळ्यात आधी लाज आली. मग भीती. मागं मामांऐवजी नुसता कॅन असता तर मी पुढचं वळण कुठल्या बाजूनं घेतलं असतं?

तेव्हा मला एक गोष्ट नीट कळली, आणि याच एका गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय. "बरं वाटेनासं झालं की थांबू" हा नियम आमच्यासाठी नाहीच. थांबायचं की नाही हे ठरवणारं जे डोकं, तेच साखरेवर चालतं, आणि साखर उतरली की सगळ्यात आधी तेच कामातून जातं. दारू प्यालेल्याला जसं वाटतं की मी ठीक आहे, अगदी तसं. त्यामुळं ठरवायचं ते किल्ली लावण्याआधी, आकडा बघून, आणि मग रस्त्यात स्वतःचं काही ऐकायचं नाही. गाईला आपण विचारतो का, बाई, तुला कीटोसिस झालाय असं वाटतं का?

दारूचं म्हटलं ते उगीच नाही. तो ट्रॅक्टरवाला गावात पोचला आणि "ढोराचा डॉक्टर दुपारीच लावून आला" ही बातमी आमच्या आधी घरी पोचली.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस उतरवले आणि सांगितलं की टाइप वनमध्ये सुरुवातीला उरलेल्या पेशी इन्सुलिनमुळं जरा विसावतात, काही महिने पुन्हा थोडं काम करतात, तेव्हा बाहेरचं इन्सुलिन कमी लागतं आणि साखर उतरायचा धोका वाढतो. "याला हनिमून पिरियड म्हणतात." फोन स्पीकरवर होता. बायको म्हणाली, "पंधरा वर्षांनी एकदाचा आला."

त्यानंतर मी लपवणं सोडलं. अकराही गावांच्या ग्रुपवर एक निरोप टाकला: मला शुगर आहे म्हणजे साखर बंद आहे असं नाही. मी विनाकारण चिडलो, भलतंच बोललो, हात थरथरले, तर मी प्यालेलो नाही. आधी किल्ली काढून घ्या, मग साखरेचं पाणी द्या, गिळत नसेन तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या. याच्यावर महिनाभर चर्चा झाली. "शुगरवाल्याले साखर कायले?" हे मी किमान चाळीस वेळा समजावलं असेल. चिडलेला मी आणि साखर उतरलेला मी यांत फरक कसा ओळखायचा, असंही एकानं विचारलं. तो प्रश्न रास्त होता.

त्याच उन्हाळ्यात लायसन्सचं नूतनीकरण आलं. २००४ मध्ये काढलेलं, वीस वर्षांचं, जूनमध्ये संपत होतं. सेतू केंद्रातल्या पोरानं संगणकावर फॉर्म उघडला आणि माझ्याकडं न बघता आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढं "नाही" टाकत गेला. मी त्याचा हात धरला. "वाच तरी." त्यानं वाचलं. अपस्मार, किंवा कोणत्याही कारणानं अचानक शुद्ध हरपण्याचे, घेरी येण्याचे झटके येतात का. शेवटी, तुमचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा दुसरा काही आजार आहे का. मधुमेह हा शब्द फॉर्ममध्ये कुठंच नाही.

मी त्या दोन प्रश्नांपुढं बराच वेळ बसलो. मागं रांग. शुद्ध माझी कधी हरपली नव्हती. धोक्याचं म्हणाल तर मे महिन्यातल्या त्या दुपारी होतं, आणि आज, पोटात जेवण आणि मीटरवर १३० असताना, नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ मध्ये शिक्षा आहे ती असा आजार आहे हे स्वतःला माहीत असताना गाडी चालवणाऱ्याला. आणि मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. ४८ हा आकडा माझ्या मीटरमध्ये तारीख-वेळेसकट साठवलेला आहे.

फॉर्म तसाच ठेवून उठलो, सेवाग्रामला गेलो, डॉक्टरांना मीटर दाखवला. त्यांनी दोन महिन्यांचे आकडे बघितले, मे नंतर ७० च्या खाली किती वेळा गेली, तेव्हा मला कळलं होतं का, हे विचारलं, डोळे तपासले, आणि मग गाडी चालवायला योग्य असल्याचं लिहून दिलं. ते घेऊन मी "नाही" लिहिलं आणि प्रमाणपत्र जोडायला दिलं. पोरगा म्हणाला, "हे मांगतच नाही जी. तुमचं वय चाळीसच्या खाली आहे." तरी जोड म्हटलं. जोडायला जागाच नव्हती. ते प्रमाणपत्र अजून माझ्या पाकिटात, घडीवर घडी.

लायसन्स आलं, दहा वर्षांचं. २०३४ पर्यंत सरकार मला काही विचारणार नाही. आनंद व्हायला हवा होता. पण ब्रिटनमधल्या माणसाला तीन वर्षांच्या आत कोणीतरी विचारतं, इथं विचारणारा मीच, आणि मीच उत्तर देणार, हे काही मला फार सुखाचं वाटलं नाही. पट्ट्यांचा खर्च माझ्या पगारात बसतो. रोजंदारीवर काळी-पिवळी चालवणाऱ्याला हाच आजार झाला तर तो दर फेरीला बोट टोचून पट्टी घालेल का? मला नाही वाटत. आणि त्याच्या गाडीत पंधरा माणसं असतात.

माझी किमान मर्यादा मी डॉक्टरांच्या ९० वरून १०० केली आहे. ताटावरून उठायचं नाही, हा दुसरा नियम. म्हैस अर्धा तास थांबते, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कळलं. परतीच्या आधीही मोजायचं, मग ती दोन किलोमीटरची वाट का असेना. अंधार पडल्यावर टिपेश्वरच्या बाजूनं एकटा जात नाही.

परवा पहाटे पाचला फोन आला. गाभण गाय, पाय बाहेर आले, वासरू येईना. उठून बोट टोचलं, ८२. दूध प्यायलो, तीन बिस्किटं खाल्ली आणि ओट्यावर मीटर घेऊन बसलो. पाच मिनिटांनी फोन, दहा मिनिटांनी फोन. तिसऱ्यांदा बायकोनं उचलला. पलीकडून निघाले का वगैरे काही आलं नाही. फक्त विचारलं, "किती झाली?"

"अजून मोजायची आहे," ती म्हणाली.

"बरं. तवर मी गरम पानी ठेवतो."